वही कोणाच्या घरी? : विखुरलेल्या साठवणीचा इतिहास

नाशिकला गोदावरीच्या काठी, रामकुंडाच्या परिसरात, बाहेरगावचा कोणी यात्रेकरू विधीसाठी आला की त्याला आधी दोन गोष्टी विचारल्या जातात : आडनाव काय आणि मूळ गाव कोणते. उत्तर ऐकून त्याला एका विशिष्ट उपाध्यायांचे नाव सांगितले जाते. तो त्यांच्या घरी पोहोचतो. उपाध्याय कापडात बांधलेल्या वह्यांतून एक वही काढतात, पाने उलटतात आणि थोड्या वेळाने त्या माणसाच्या आजोबांचे, कधी पणजोबांचे नाव वाचून दाखवतात. ते कधी आले होते, बरोबर कोण होते, कशासाठी आले होते, हेही त्यात असते. मग त्याच नोंदीच्या पुढे नव्या पिढीची नावे चढतात.

या वह्यांना नामावळी म्हणतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, हरिद्वार अशा बहुतेक मोठ्या तीर्थक्षेत्रांत त्या आढळतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक जिल्ह्याचा खंड १८८३ साली निघाला. त्यातही उपाध्यायांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या तपशीलवार नोंदींचे वर्णन आहे.

श्रद्धेचा भाग आपण बाजूला ठेवू आणि नामावळीकडे माहिती साठवण्याची एक पद्धत म्हणून पाहू. नाशिकला या नोंदींची मुख्य कचेरी नाही. सगळ्या वह्या एका कपाटात नाहीत, सगळ्यांची मिळून एक अनुक्रमणिका नाही, आणि तरीही हवे ते पान सापडते. आज संगणकाच्या जगात ज्याला विकेंद्रित साठवण म्हणतात, तिचा हा आपल्या ओळखीचा नमुना आहे. एखादी शाळा किंवा एखादे वाचनालय आता आपल्या एका जुन्या संगणकावर अशा साठवणीचे स्वतःचे केंद्र चालवू शकते आणि टेबलावरच्या दुसऱ्या संगणकाच्या पडद्यावर त्याचा कारभार पाहू शकते. ही सोय कशी घडत गेली आणि ती नेमके काय देते व काय देत नाही, ते या लेखात पाहू.

कोणतीही साठवण तीन प्रश्नांवर पारखता येते. हवी ती गोष्ट सापडणार कशी? सापडली ती मूळचीच आहे, मध्ये कोणी बदललेली नाही, हे कशावरून? आणि ती उद्याही राहील हे कशावरून?

मुख्य कचेरी नसलेले दप्तर

नामावळीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर आडनाव आणि मूळ गाव यांत आहे. कोणत्या गावची, कोणत्या जातीची, कोणत्या आडनावाची घराणी कोणाकडे, याची माहिती उपाध्याय मंडळींत वाटलेली असते. एकाला ठाऊक नसेल तर तो दुसऱ्याकडे पाठवतो. शोध एक-दोन टप्प्यांत योग्य घरी पोहोचतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हस्ताक्षरात आहे. लिहिता येणारा यात्रेकरू पुष्कळदा स्वतःच्या हाताने मजकूर लिहून सही करतो. अर्थात ही खूण कच्ची आहे. अक्षराची नक्कल होऊ शकते, पाने गळू शकतात. शिवाय या वह्या समाजाच्या चौकटीतच लिहिल्या गेल्या. त्यांत वंश मुख्यतः पुरुषांकडून मोजलेला आणि नोंदी जातवार असतात. इतिहासाचे साधन म्हणून वापरताना हे ध्यानात ठेवावे लागते.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत बोधप्रद आहे. वही टिकली, कारण ती सांभाळण्यात सांभाळणाऱ्याचे हित होते. यजमान घराण्यांचे उपाध्येपण ही वृत्ती होती. ती वारसाने मिळे, भावांत वाटली जाई आणि तिच्यावरून वादही होत. ज्याच्याकडे वही त्याच्याकडे यजमान, आणि यजमान आला की दक्षिणा. म्हणून पावसाळ्यात वही कोरडी ठेवण्याची काळजी घरातले सगळे घेत.

पण एक उणीव राहिली. वह्या विखुरलेल्या होत्या, तरी प्रत्येक वहीची प्रत बहुधा एकच होती. नाशिककर गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. पाणी मारुतीच्या पायाला लागले, कमरेला लागले की गळ्याशी आले, यावरून गावाला धोक्याचा अंदाज येतो. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ चे पूर लोकांच्या आठवणीत आहेत. पंचवटीतले आणि जुन्या नाशकातले कितीतरी वाडे नदीपासून फार दूर नाहीत. एखाद्या घरातली वही भिजली, तर शेजारच्या घरातल्या शंभर वह्या कोरड्या असून उपयोग नाही. शेजारच्या वहीत वेगळी घराणी असतात.

येथे दोन शब्दांतला फरक पक्का करून घेऊ. 'विकेंद्रित' म्हणजे अनेकांच्या हाती विभागलेले. 'बहुप्रत' म्हणजे एकच गोष्ट अनेक ठिकाणी असलेली. पहिले असले की दुसरे आपोआप येत नाही. अमेरिकेतील यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून हरिद्वार आणि इतर काही तीर्थांतील वह्यांची सूक्ष्मचित्रे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा त्या वह्यांना दुसरी प्रत मिळाली. ती प्रत मात्र हजारो मैल दूर, वेगळ्या संस्थेच्या ताब्यात.

एकाच जागी ठेवण्याचे सुख

याउलट पद्धत सरकारी दप्तराची. सगळे कागद एका इमारतीत, एका शिक्क्याखाली. शोधायला सोपे, जबाबदार कोण ते स्पष्ट. पण २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली आणि वरच्या मजल्यांवरील असंख्य फायली जळाल्या. एकाच जागी ठेवलेल्या कागदांचे काय होऊ शकते, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिले.

दळणवळणाच्या जाळ्याबाबत हाच विचार अमेरिकेतील रँड संस्थेत काम करणाऱ्या पॉल बॅरन यांनी फार पूर्वी मांडला होता. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या टिपणांत त्यांनी तीन आकृत्या काढल्या. पहिल्या जाळ्यात सगळे धागे एका मध्यबिंदूला मिळतात. दुसऱ्यात असे काही मध्यबिंदू असतात. तिसऱ्यात प्रत्येक गाठ शेजारच्या चार-सहा गाठींना जोडलेली असते. पहिल्या जाळ्याचा मध्यबिंदू उडवला की सारे जाळे निकामी होते. तिसऱ्यात बऱ्याच गाठी गेल्या तरी निरोप वळसा घालून पोहोचतो. जाळ्यातील या गाठीला संगणकाच्या परिभाषेत नोड म्हणतात. तोच शब्द आपण पुढे वापरू.

पुढे इंटरनेटचे जाळे बऱ्याच अंशी असे विखुरलेले झाले, पण त्यावरची माहिती मात्र पुन्हा एकेका जागी साठू लागली. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ ते १९९१ या काळात जिनीव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेब घडवले. भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. वेबवर प्रत्येक पानाला जो पत्ता असतो, तो जागेचा पत्ता असतो. तो सांगतो, 'अमुक संगणकावर, अमुक कप्प्यात जा.' त्या कप्प्यात काय आहे, ते कालचेच आहे की बदललेले, याविषयी तो मुका असतो. आणि तो संगणक बंद झाला की पत्ता पोकळ होतो. ऑक्टोबर २००९ मध्ये याहू कंपनीने जिओसिटीज ही सेवा अमेरिकेत बंद केली. हौशी लोकांनी तिथे मांडलेली लाखो पाने त्या पत्त्यांवरून नाहीशी झाली. काही उत्साही मंडळींनी आधीच प्रती काढून ठेवल्या होत्या, म्हणून त्यांतली पुष्कळ वाचली.

पत्ता जागेचा नव्हे, मजकुराचा

यावर तोडगा निघाला तो पत्ता देण्याची रीतच बदलून. 'कुठे आहे' याऐवजी 'काय आहे' हाच पत्ता मानायचा. हे कसे शक्य आहे, ते समजण्यासाठी आपल्या शाळांतली जुनी नवांची कसोटी आठवू. ४७३८ या संख्येतील अंकांची बेरीज २२, आणि २ व २ मिळून ४. आता कोणी चुकून ४७४८ लिहिले, तर बेरीज २३ आणि कसोटी ५. चूक लगेच पकडली जाते. पण कोणी अंकांची अदलाबदल करून ४३७८ लिहिले, तर बेरीज पुन्हा २२ आणि कसोटी ४. ही चूक निसटते. कसोटीला उत्तरे फक्त नऊच असल्यामुळे ती असंख्य संख्यांना सारखाच ठसा देते.

आता असा एक गणिती ठसा कल्पावा, की ज्याची संभाव्य उत्तरे नऊ नसून अठ्ठ्याहत्तर अंकी संख्येइतकी आहेत, आणि मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा संपूर्ण वेगळा येतो. अमेरिकेच्या मानक संस्थेने २००२ साली प्रमाणित केलेली शा-२५६ ही पद्धत अशीच आहे. दोन वेगळ्या मजकुरांचा ठसा एकच निघण्याची शक्यता व्यवहारात शून्य मानली जाते. मग हा ठसाच त्या मजकुराचा पत्ता म्हणून वापरला तर? मजकूर कोणीही आणून दिला, अगदी अनोळखी माणसाने दिला, तरी आपण स्वतः ठसा काढून ताडून पाहू शकतो. आणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची गरज उरत नाही. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे हे चोख उत्तर झाले.

मोठ्या फाइलीसाठी राल्फ मर्कल यांची १९७९ सालची कल्पना उपयोगी पडली. फाइलीचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचा ठसा काढायचा, मग त्या ठशांच्या यादीचा ठसा काढायचा. शेवटी मुळाशी एकच ठसा राहतो. पंचवीस मेगाबाइटच्या वार्षिकांकाचे पाव मेगाबाइटचे तुकडे केले तर सुमारे शंभर होतील. ते वेगवेगळ्या ठिकाणांहून आले तरी प्रत्येकाची शहानिशा वेगळी करता येते.

राहिला पहिला प्रश्न : ठसा कळला, पण वस्तू कोणाच्या घरी? १९९९ साली निघालेल्या नॅप्स्टर या गाणी वाटून घेण्याच्या सेवेत गाणी लोकांच्या संगणकांवर होती, पण सूची मात्र कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर होती. २००१ साली न्यायालयीन आदेशानंतर ती सूची बंद झाली आणि गाणी जागच्या जागी असूनही सेवा संपली. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटोरेंट आणले. त्यात एक फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी घेता येऊ लागली. २००२ साली पेटार मायमुन्कोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी कॅडेम्लिया ही रीत मांडली. तिच्यात सूचीच विखुरलेली असते. प्रत्येक नोड थोड्या इतर नोडांचे पत्ते ध्यानात ठेवतो आणि विचारणाऱ्याला उत्तराच्या अधिक जवळच्या नोडाकडे पाठवतो. दर टप्प्याला अंतर निदान निम्मे होत जाते. दहा लाख नोड असले तरी सुमारे वीस टप्प्यांत शोध संपतो, कारण २ चा विसावा घात दहा लाखांच्या थोडा पुढे जातो. रामकुंडावर 'आम्हांला ठाऊक नाही, पण त्यांना विचारा' असे सांगितले जाते, त्याचीच ही गणिती आवृत्ती म्हणता येईल.

सारे धागे एकत्र

हे सगळे धागे जुआन बेनेट यांनी २०१४ साली एका लेखात एकत्र बांधले आणि २०१५ साली त्याचा चालता प्रोग्रॅम लोकांसमोर आला. त्याचे नाव आयपीएफएस. कोणीही आपल्या संगणकावर त्याचा नोड चालवावा, त्यात फाइल घालावी आणि मिळालेला ठसा-पत्ता इतरांना कळवावा. ज्याला ती हवी तो आपल्या नोडाकडे तो पत्ता देतो. नोड जाळ्यात चौकशी करतो, ज्यांच्याकडे तुकडे आहेत त्यांच्याकडून ते आणतो, ठसे ताडून पाहतो आणि फाइल जोडून हाती देतो.

२९ एप्रिल २०१७ रोजी तुर्कस्तानात विकिपीडियावर बंदी आली. ती जानेवारी २०२० पर्यंत चालली. बंदीनंतर काही दिवसांतच तुर्की विकिपीडियाची एक प्रत आयपीएफएसवर ठेवण्यात आली. एका जागेचा पत्ता अडवणे सोपे असते. मजकुराचाच पत्ता असेल आणि प्रती अनेकांकडे असतील, तर अडवणे पुष्कळ अवघड जाते.

येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'आयपीएफएसवर फाइल टाकली की ती कायमची राहते,' असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात आपण फाइल आपल्या नोडात घालतो तेव्हा तिची प्रत एकच असते, आपल्याच घरी. दुसऱ्या कोणी ती मागवली तर तात्पुरती प्रत त्याच्या नोडावर राहते, पण तिथे साफसफाई झाली की ती जाते. 'ही फाइल काढायची नाही' असे नोडाला बजावून सांगण्याला पिन करणे म्हणतात. कागद फलकावर टाचणीने टोचून ठेवावा, तसे. शिवाय नोड आपल्याकडे काय आहे याची दवंडी साधारण दिवसातून एकदा पुन्हा पिटतो. संगणक बंद राहिला तर दवंडी थांबते आणि काही काळाने कोणालाच त्याच्याकडची वस्तू सापडत नाही.

म्हणजे तिसऱ्या प्रश्नापाशी आपण पुन्हा नाशिकलाच येतो. सांभाळणाऱ्याचे हित कशात? उपाध्यायांना दक्षिणा होती. आयपीएफएसमध्ये मुळात तशी काही सोय नाही. ती उणीव भरण्यासाठी ऑक्टोबर २०२० मध्ये फाइलकॉइन नावाचे दुसरे जाळे सुरू झाले. त्यात साठवणाऱ्याला मोबदला मिळतो. दुसरा मार्ग ग्रंथपालांचा. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९९९ च्या सुमारास लॉक्स हा उपक्रम सुरू केला. त्यात अनेक ग्रंथालये एकाच नियतकालिकाच्या प्रती आपापल्याकडे ठेवतात आणि त्या वेळोवेळी एकमेकांशी ताडून पाहतात. तिथे टिकाव धरला तो संस्थांच्या परस्परांतील कराराने.

नोड आणि खिडकी

आता शाळेकडे वळू. समजा, प्रयोगशाळेतल्या एका जुन्या संगणकावर आपण आयपीएफएसचा नोड बसवला. त्यासाठी कुबो नावाचा मोफत प्रोग्रॅम मिळतो. नोडाला स्वतःचा चेहरा नसतो. तो पाठीमागे गुपचूप चालू असतो. त्याचा कारभार पाहण्यासाठी जी चित्रमय पाटी असते, तिला डॅशबोर्ड म्हणतात. मोटारीच्या चालकासमोर वेग, इंधन आणि उष्णता दाखवणारी फळी असते, तशी. तिच्यावर किती नोड जोडलेले आहेत, किती जागा भरली आहे, किती माहिती आत-बाहेर जाते आहे आणि कोणत्या फायली पिन केल्या आहेत, हे दिसते.

डॅशबोर्ड आणि नोड या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे एकदा ध्यानात आले की त्यांना जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणी समजतात. जुन्या वाड्याला तीन दारे असावीत तसे कुबो नोडालाही असते. दारांना क्रमांक असतात. ४००१ हे दार जगातील इतर नोडांशी देवघेव करण्याचे. ८०८० हे वाचकाचे. ब्राउझरने तिथे पत्ता दिला की फाइल मिळते. ५००१ हे मालकाचे. फाइल घालणे, काढणे, पिन करणे, नोडाची मांडणी बदलणे, हे सारे या दारातून होते. डॅशबोर्ड याच तिसऱ्या दाराशी बोलतो.

डॅशबोर्ड आणि नोड एकाच संगणकावर असतील तर काम सोपे. १२७.०.०.१ या पत्त्याचा अर्थ 'हाच संगणक'. त्या पत्त्यावर ५००१ क्रमांकाच्या दारापाशी डॅशबोर्ड उघडतो. अडचण येते ती नोड प्रयोगशाळेत आणि डॅशबोर्ड मुख्याध्यापकांच्या टेबलावर असेल तेव्हा. डॅशबोर्डच्या मांडणीत नोडाचा पत्ता लिहिला तरी 'जोडणी झाली नाही' असे उत्तर येते. याची कारणे दोन. एक, नोडाचे मालकाचे दार मुळातच फक्त घरातल्यांसाठी उघडते. दुसऱ्या संगणकाची हाक ते ऐकतच नाही. दोन, ब्राउझरचा स्वतःचा नियम असतो. एका ठिकाणाहून आलेल्या पानाने दुसऱ्या ठिकाणाशी परस्पर व्यवहार करायचा, तर त्या दुसऱ्या ठिकाणाने आपल्या परवानगीच्या यादीत पहिल्याचे नाव लिहिलेले असावे लागते.

अशा वेळी घाईने दार सर्वांसाठी उघडण्याचा आणि यादीत 'कोणीही' असे लिहिण्याचा मोह होतो. तसे केले की डॅशबोर्ड लगेच दिसू लागतो, पण त्या दारापर्यंत पोहोचणारा कोणीही आपल्या फायली काढू शकतो आणि नको त्या घालू शकतो. वाड्याच्या माजघराचे दार रस्त्यावर उघडे टाकण्यासारखेच हे आहे. सुरक्षित रीत अशी, की एसएसएच या पद्धतीने दोन संगणकांमध्ये कुलूपबंद बोगदा काढावा. टेबलावरच्या संगणकाचे ५००१ क्रमांकाचे दार बोगद्यातून नोडाच्या ५००१ क्रमांकाच्या दाराला जोडले जाते. ब्राउझरला नोड याच संगणकावर आहे असे वाटते, नोडालाही घरातूनच हाक आली असे वाटते, आणि दोघांचेही नियम न मोडता काम होते.

एक खबरदारी घ्यावी. डेस्कटॉपसाठी मिळणारा आयपीएफएसचा तयार प्रोग्रॅम आपल्याबरोबर स्वतःचा एक नोड घेऊन येतो. तो चालू असेल तर टेबलावरचे ५००१ क्रमांकाचे दार त्यानेच अडवलेले असते आणि पडद्यावर दिसतो तो त्याचा कारभार, प्रयोगशाळेतल्या नोडाचा नव्हे. प्रत्येक नोडाला लांबलचक अक्षरांची स्वतःची ओळख असते. डॅशबोर्डच्या पहिल्याच पानावर ती दिसते. ती प्रयोगशाळेतल्या नोडाच्या ओळखीशी जुळते का, हे आधी पाहावे. जुळत नसेल तर टेबलावरचा नोड बंद करून बोगदा पुन्हा काढावा.

आणि डॅशबोर्डवर एक गोष्ट कधीच दिसत नाही. जोडलेल्या नोडांचा आकडा शेकड्यांत दिसतो, पण आपली फाइल त्यांपैकी कोणाकडे आहे का, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते तपासण्याची रीत सोपी आहे. आपला नोड बंद करावा आणि ज्या नोडाने ती फाइल पूर्वी कधी मागवलेली नाही, अशा दुसऱ्या गावच्या नोडावरून ती मागवून पाहावी. आली तर दुसरी प्रत कुठेतरी आहे. नाही आली तर आपली स्थिती एकच वही असलेल्या घरासारखी आहे.

शाळेने काय ठेवावे, काय ठेवू नये

शिक्षकांसाठी हा प्रश्न दूरचा नाही. प्रत्येक शाळेच्या कपाटात एक नामावळी असतेच : जनरल रजिस्टर. शाळा सोडून पन्नास वर्षे झालेला माणूस जन्मतारखेच्या किंवा जातीच्या पुराव्यासाठी तिच्याकडे येतो. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामात कुणबी नोंदी शोधण्यासाठी जुने महसुली कागद, शाळांची रजिस्टरे आणि मोडीतले दस्तऐवज तपासले गेले. एखाद्या खेड्यातल्या शाळेतले एक पान एखाद्या कुटुंबाला किती मोलाचे ठरू शकते, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

म्हणून रजिस्टर आयपीएफएसवर ठेवावे का? मुळीच नाही. उपाध्याय वही काढतात ती समोरचा माणूस त्या घराण्यातला आहे असे पाहून. आयपीएफएसला असा द्वारपाल नाही. पत्ता ज्याच्या हाती लागेल त्याला फाइल मिळते, आणि दुसऱ्याच्या नोडावर गेलेली प्रत आपल्याला परत घेता येत नाही. मुलांची नावे, जन्मतारखा, जात, पत्ते अशा जाळ्यावर जाता कामा नयेत. रजिस्टराची छायाचित्रे काढून त्यांच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या इमारतींत, कुलपात ठेवाव्यात. त्यासाठी जाळ्याची गरज नाही. प्रत्येक फाइलीचा ठसा काढून तो वेगळ्या वहीत लिहून ठेवला, तर पुढे कोणी फेरफार केला का, हे मात्र त्याच गणिताने कळेल.

जाळ्यावर ठेवावे ते सर्वांसाठीच असलेले साहित्य. शाळेचे जुने वार्षिकांक, गावच्या विहिरींची आणि पर्जन्यमानाची मुलांनी केलेली नोंद, स्थानिक पक्ष्यांची यादी, शिक्षकांनी तयार केलेले धडे. त्यातही मुलांचे खासगी तपशील आधी गाळून घ्यावेत.

दुसरी काळजी लिपीची. पुष्कळ जुन्या नामावळ्या मोडीत आहेत. कागद शाबूत असूनही वाचणारे थोडे. संगणकावरही हेच घडले. १९९० च्या दशकात श्री-लिपी, आकृती यांसारख्या प्रणालींत टंकलेली मराठी आज तो फाँट नसेल तर निरर्थक अक्षरांसारखी दिसते. ठसा जुळेल, एकही बिंदू हरवलेला नसेल, आणि तरी मजकूर वाचता येणार नाही. म्हणून साठवण्यापूर्वी मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

तिसरी काळजी प्रतींची, आणि तीच मुख्य. पहिले दोन प्रश्न गणिताने सोडवले आहेत : वस्तू सापडते आणि ती खरी आहे हे ताडता येते. तिसरा प्रश्न गणिताच्या आवाक्याबाहेर आहे. कोणी तरी सांभाळण्याचे कबूल केलेले असावे लागते. यासाठी तीन शाळांनी, एक नाशिकची, एक विदर्भातली, एक कोकणातली, आपसांत लेखी करार करावा. प्रत्येकीने आपला नोड चालवावा आणि इतर दोघींचे वार्षिकांक पिन करून ठेवावेत. गोदावरीला पूर आला तरी त्याच रात्री तिन्ही गावे पाण्याखाली जाणार नाहीत.

वर्गात करण्यासारखा एक प्रयोग सुचवतो. सहा विद्यार्थ्यांना प्रत्येकी एक परिच्छेद द्यावा. त्यांतले दोन परिच्छेद दोघा-दोघांकडे आणि दोन एकेकाकडेच असावेत. परिच्छेदावर नाव न लिहिता त्यातील शब्दांची संख्या आणि पहिल्या दहा शब्दांतील अक्षरांची संख्या हाच त्याचा पत्ता मानावा. बाकीच्या मुलांनी पत्ता सांगून परिच्छेद शोधायचा, पण कोणालाही फक्त शेजाऱ्यालाच विचारता येईल. मग सहांपैकी कोणतेही दोघे बाहेर पाठवावेत आणि कोणता परिच्छेद वर्गातून नाहीसा झाला ते पाहावे. पुढच्या खेपेला बाहेर कोण जाणार हे मुलांना आधी सांगू नये, आणि प्रती कोणाकोणाकडे ठेवायच्या ते त्यांनाच ठरवू द्यावे.